कापडाचं कापडाला, कातडीचं कातडीला: घरच्या वस्तूंतून काय जमतं, काय फसतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: दिवाळीला महिना उरलाय. स्वयंपाकघरातल्या आणि कपाटातल्या वस्तूंतून स्वतःसाठी आणि भेट द्यायला काही करायचं आहे. हातशिलाई येते, मशीन नाही. काय करावं? आणि लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट चेहऱ्याला लावा असं जिथेतिथे सांगतात, ते कितपत खरं?

दुसरं आधी घेऊ, कारण त्यात नुकसान होतं. या वस्तूंमध्ये दम आहे, फक्त त्यांची जागा चुकते. त्वचेचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) साधारण ५ च्या आसपास असतो, म्हणजे किंचित आम्ल. लिंबाचा रस २ ते २.५, खायच्या सोड्याचं पाणी ८ च्या थोडं वर. एक त्वचेला एका बाजूला ओढतं, दुसरं दुसऱ्या बाजूला. लिंबाची आणखी एक भानगड आहे. आपल्याकडचं कागदी लिंबू त्याच्या सालीत आणि रसात अशी द्रव्यं बाळगून असतं की ती त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे महिनोन्‌महिने तपकिरी डाग राहतो. म्हणजे डाग घालवायला लावलेल्या लिंबानेच डाग पडतो. टूथपेस्टमध्ये फेस आणणारं साबणद्रव्य, पुदिन्याचं सत्त्व आणि घासणारी पूड असते. पुटकुळी सुकल्यासारखी वाटते ती त्वचा भाजल्यामुळे. दालचिनीची पूड मधात कालवून लावणंही याच माळेतलं.

याच वस्तू कापडावर आणि धातूवर मात्र चोख काम करतात. पांढऱ्या सुती कापडावर गंजाचा डाग असेल तर त्यावर लिंबाचा रस आणि मीठ चोळून दोन तास उन्हात ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. सायट्रिक आम्ल लोखंडाला धरून बाहेर काढतं. रंगीत कापडावर हे करू नका, रंगही निघेल.

खायचा सोडा चांदीसाठी ठेवा. काळवंडलेले पैंजण आणि जोडवी चकचकीत करायला स्टीलच्या किंवा काचेच्या पातेल्यात तळाशी ॲल्युमिनियमची फॉइल चकाकती बाजू वर करून पसरा. त्यावर चांदी अशी ठेवा की ती फॉइलला टेकेल. २ मोठे चमचे खायचा सोडा आणि १ छोटा चमचा मीठ टाकून १ लिटर उकळतं पाणी ओता. दोन ते पाच मिनिटांत काळेपणा उतरतो. सडक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नका, चांदीवर बसलेलं गंधक सुटतंय. चांदी न घासता काळेपणा जातो, म्हणून टूथपेस्टने घासण्यापेक्षा हे बरं. पेस्टने बारीक ओरखडे पडतात आणि मुलामा दिलेल्या दागिन्याचा मुलामाच जातो. दोन गोष्टी या पाण्यात घालायच्या नाहीत. एक, ऑक्सिडाइज्ड दागिने, कारण त्यांचं काळेपण हीच त्यांची नक्षी, ती पाच मिनिटांत पुसली जाईल. दुसरी, मोती किंवा चिकटवलेले खडे असलेलं काहीही. नथीला तर सोडा, लिंबू, व्हिनेगर यांपैकी काहीच लागू देऊ नका. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आम्लात तो अक्षरशः विरघळतो. नथ ओल्या मऊ कापडाने पुसायची, लगेच कोरडी करायची, एवढंच.

आता करण्यासारख्या गोष्टी.

उटणं

विकतच्या पाकिटापेक्षा घरचं उटणं सरस होतं ते ताज्या वासामुळे. साधारण पाव किलोपेक्षा थोडं जास्त व्हायचं तर: मसुराची डाळ १५० ग्रॅम, मुलतानी माती ४० ग्रॅम, वाळलेली संत्र्याची साल ३० ग्रॅम, वाळलेल्या गुलाबपाकळ्या २० ग्रॅम, नागरमोथा २० ग्रॅम, गवला कचरी २० ग्रॅम, वाळा १० ग्रॅम, आंबेहळद १० ग्रॅम. डाळ आणि माती घरात किंवा वाण्याकडे मिळेल, बाकीचं काष्ठौषधींच्या दुकानात सुटं मिळतं. चंदन परवडत असेल तर घाला. स्वस्त ‘चंदन पावडर’ मात्र बहुतेक वेळा लाकडाचा भुसा आणि अत्तर असते, तिच्यापेक्षा वाळा जास्त वाढवलेला बरा.

संत्र्याची साल आधी कोमट पाण्यात चोळून धुवा, पांढरा गर खरवडा, लहान तुकडे करून सावलीत तीन-चार दिवस वाळवा. ती काडकन मोडली पाहिजे. वाकत असेल तर अजून ओल आहे, आणि तीच ओल पुढे सगळ्या उटण्याला कुबट वास आणते. नागरमोथा आणि वाळा चिवट असतात, ते आधी खलबत्त्यात ठेचून मगच मिक्सरला लावा, नाहीतर पातं अडतं. मिक्सर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने थांबवा, भांडं तापलं की सुगंधी तेलं उडून जातात. मग चाळणीने नव्हे, जुन्या मलमलीच्या किंवा धोतराच्या कापडातून गाळा. वस्त्रगाळ का? चाळणीतून डाळीचे टोकदार कण आणि मोथ्याचे तंतू खाली उतरतात आणि त्वचेवर चरे पाडतात. वर उरलेला चोथा टाकू नका, पायांच्या टाचांना चालतो.

साधी हळद घातली तर टॉवेल पिवळे होतात आणि कपाळही. आंबेहळद रंग बराच कमी सोडते, वास कच्च्या कैरीसारखा असतो.

उटण्याचं खरं काम तेल शोषून घेण्याचं आहे. अभ्यंगाला आधी तेल आणि मग उटणं हा क्रम त्यासाठीच आहे. नुसतं उटणं कोरड्या अंगावर, तेही थंडीच्या सुरुवातीला, रोज लावलं तर कातडी तडतडते आणि दोष उटण्याला दिला जातो. अंगाला तीळतेल किंवा खोबरेल, दहा-पंधरा मिनिटांनी दुधात किंवा पाण्यात सैलसर कालवलेलं उटणं, हलक्या हाताने. वाळून पापुद्रा होईपर्यंत थांबायचं नाही. चेहऱ्यावर पुटकुळ्या असतील तर चेहरा वगळा. कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस पाहणं हे वनस्पतीजन्य वस्तूंनाही लागू आहे. ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी नव्हे, खाजकुइलीही नैसर्गिकच.

कोरडी पूड काचेच्या बरणीत तीन-चार महिने टिकते. कालवलेलं उटणं मात्र तासाभरात संपवायचं, फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी लावायचं नाही; त्यात टिकवणारं काही नसतं आणि दूध-डाळीत जिवाणू झपाट्याने वाढतात. न्हाणीघराच्या जाळीवर आंघोळीआधी जुना कापडाचा तुकडा टाका. डाळीचं पीठ आणि तेल मिळून पाइपात जो गोळा बसतो तो काढायला प्लंबर लागतो.

केसांसाठी जवसाचं जेल

कुरळ्या किंवा भुरभुरणाऱ्या केसांना बसवायला विकतच्या जेलऐवजी जवस उत्तम. चटणीसाठी आणलेला असतोच, पण तो न भाजलेला हवा. २ मोठे चमचे जवस, ४०० मिली पाणी, मध्यम आचेवर सतत ढवळत ८ ते १० मिनिटं. पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं ताराळ झालं, की लगेच बंद करा आणि गरम असतानाच गाळा. सगळं इथेच फसतं: थोडं निवू दे म्हणून ठेवलं की जेल बियांना घट्ट धरतं आणि कोणत्याही गाळणीतून उतरत नाही. अशा वेळी अर्धी वाटी पाणी घालून पुन्हा एक उकळी आणायची. गाळायला जुना नायलॉनचा मोजा किंवा ओढणीचा तुकडा वापरा. स्टीलच्या गाळणीतून बी जातं आणि मग ते केसांत दिसतं.

धुतलेल्या ओल्या केसांना मोठ्या आवळ्याएवढं जेल पुरतं. वाळल्यावर केस कडक वाटले तर हातावर दोन थेंब खोबरेल चोळून केस चुरगळा, कडकपणा मोडतो. पांढरे कण पडत असतील तर जेल फार घट्ट झालंय किंवा ते कोरड्या केसांवर लावलंय. फ्रीजमध्ये सात दिवस ठेवता येतं. आंबूस वास आला किंवा पाणी सुटून ते पातळ झालं, तर टाकून द्या. भेट द्यायला ही वस्तू नाही. टिकत नाही ती भेट कसली.

मेंदीचे कोन

भेट द्यायला हे. आणि यात विकतच्यापेक्षा घरचं कितीतरी चांगलं आणि सुरक्षित. खोलीच्या तापमानाला महिनोन्‌महिने दुकानात टांगलेला कोन ताज्या मेंदीचा असूच शकत नाही, कारण कालवलेल्या मेंदीचा रंग दोन-तीन दिवसांत मरतो. अर्ध्या तासात काळाकुट्ट रंग देणाऱ्या कोनात मेंदीपेक्षा रसायनाचा भाग मोठा असतो. ‘काळ्या मेंदी’त बऱ्याचदा केस रंगवायच्या डायमधलं पीपीडी असतं. त्याने फोड तर येतातच, पण त्या माणसाला पुढे जन्मभर हेअर डायची ॲलर्जी होऊ शकते. खरी मेंदी कधीही काळी होत नाही: खपली काढल्यावर केशरी, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गडद तपकिरी-लाल.

प्रमाण: अंगावर लावायच्या प्रतीची, बारीक चाळलेली मेंदी पावडर १०० ग्रॅम (केसांची नको, ती जाडसर असते आणि त्यात कधीकधी इतर गोष्टी मिसळलेल्या असतात), साखर २५ ते ३० ग्रॅम, निलगिरी तेल १५ मिली, आणि पाणी किंवा लिंबाचा गाळलेला रस मिळून साधारण २५० ते ३०० मिली. यातून २५-३० ग्रॅमचे बारा-तेरा कोन भरतात.

पावडर आधी नायलॉनच्या ओढणीतून पुन्हा चाळा. एक कण कोनाच्या टोकात अडकला की सगळा हात थांबतो. साखर मिसळा, तेल घाला, मग थोडं-थोडं पाणी घालत कुस्करलेल्या बटाट्याइतकं घट्ट मळा. सगळं पाणी एकदम ओतू नका. पावडर तासभर पाणी पीत राहते आणि आता सैल वाटणारं नंतर घट्ट होतं, पण आता पातळ झालेलं घट्ट करायला मेंदीच घालावी लागते. भांड्यावर प्लास्टिक अगदी मेंदीला टेकवून दाबा आणि उबदार जागी ठेवा. नुसत्या पाण्यात भिजवलेली ३० अंशाच्या आसपास पाच-सहा तासांत तयार होते, लिंबात भिजवलेली आठ ते बारा तास घेते. तयार झाली हे ओळखायचं कसं? वरचा थर तपकिरी आणि आतला हिरवा दिसतो. खात्रीसाठी तळहातावर एक ठिपका पाच मिनिटं ठेवून पुसा. स्पष्ट केशरी डाग पडला तर मेंदी सुटली. मग उरलेलं पाणी घालून दह्याइतकी सैल करा: चमच्यावरून रेशमी फितीसारखी पडली पाहिजे, तुटत-तुटत नको.

लिंबू कातडीला नको असं वर म्हटलं आणि इथे घातलं, हे खरं. आम्ल रंग सुटण्याचा वेग सावरून धरतं म्हणून ते घालतात. तळहाताची कातडी जाड असते, तिला चालतं. दंडावर, पाठीवर किंवा नाजूक त्वचेवर काढायची असेल तर नुसतं पाणी वापरा आणि मेंदी संध्याकाळी काढा. चहाचं पाणी, कात, कॉफी यांनी लेप काळपट दिसतो, हातावरचा रंग त्याने वाढत नाही. निलगिरी तेलाने मात्र खरंच वाढतो. तान्ह्या बाळाला मेंदी लावूच नका, आणि जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या कुणालाही. त्यांच्या तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो.

कोन करायला दुधाची पिशवी कापून, साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून घ्या. २० × १५ सेंटिमीटरचा आयत कापा. लांब बाजूच्या मध्यावर टोक येईल असं एका कोपऱ्यापासून घट्ट गुंडाळा, टोकाला डोळ्याला भोक दिसता कामा नये, आणि कडेला सेलोटेप वरपासून टोकापर्यंत सलग लावा. टोक कापायचं नाही, टाचणीने टोचायचं. दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक जाड असल्याने रेघ जरा ठळक येते. बारीक जाळीच्या नक्षीला फुलांच्या गुच्छावरचा पातळ पारदर्शक कागद घ्या. कोन दोन-तृतीयांशच भरा, वरचा भाग घडी घालून टेप लावा.

काढल्यावर मेंदी किमान सहा तास, शक्य तर रात्रभर हातावर हवी. अर्धी सुकली की लिंबू-साखरेचं पाणी कापसाने टिपा, थापू नका, नाहीतर नक्षी पसरते. साखर मेंदीला हातावर धरून ठेवते, एवढंच तिचं काम. खपली चाकूच्या बोथट बाजूने किंवा हाताने काढा, खोबरेल चोळा आणि पुढचे बारा तास पाणी टाळा. रंग हवेतल्या ऑक्सिजनने गडद होतो, म्हणून लग्नासाठी मेंदी दोन दिवस आधी. मेंदी रंगली तर सासू प्रेमळ, असं म्हणतात. प्रत्यक्षात तळहाताची कातडी जाड म्हणून तिथे रंग चढतो आणि मनगटाच्या वर फिका पडतो, यात सासूबाईंचा हात नसतो.

लगेच लागणार नाहीत ते कोन फ्रीजरमध्ये टाका, चार महिने सहज राहतात. भेट देताना चिठ्ठीवर ‘फ्रीजरमध्ये ठेवा’ हे लिहायला विसरू नका.

कांद्याच्या सालीने रंगवलेली ओढणी

याला वेळ सगळ्यांत जास्त लागतो, चार दिवस धरा, म्हणून महिन्यातला पहिला आठवडा याला द्या. बहुतेकांचं एकाच कारणाने फसतं: साल उकळली, कापड बुडवलं, सुंदर सोनेरी झालं, आणि दोन धुण्यांत उतरलं. मग कुणीतरी सांगतं, मीठ आणि व्हिनेगर टाकलं असतं तर पक्का झाला असता. नसता झाला. मीठ काही कृत्रिम रंगांना मदत करतं, व्हिनेगर लोकर आणि रेशमाच्या आम्लरंगांना. सुती कापडावर वनस्पतीचा रंग धरायला दोन दुवे लागतात: टॅनिन (हिरड्यात असतं ते तुरट द्रव्य) आणि तुरटी. टॅनिन कापडाला चिकटतं, तुरटीतलं ॲल्युमिनियम टॅनिनला, आणि रंग ॲल्युमिनियमला. साखळीतली एक कडी गाळली की रंग गेला.

कापड सुतीच हवं. शिवणीतून एक धागा ओढून चिमट्यात धरून पेटवा: कागदासारखा जळून राख झाली तर सुती, वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर, आणि पॉलिस्टरला यातलं काहीही लागत नाही. तयार कुर्त्याची शिलाई बहुधा पॉलिस्टरच्या दोऱ्याची असते. कुर्ता सोनेरी होईल आणि शिवणी पांढऱ्या राहतील. काहींना ते आवडतं.

कोरडं कापड वजनाच्या काट्यावर ठेवा, सगळी मापं त्यावरून निघतात. सुती ओढणी १५० ग्रॅम आहे असं धरू.

पहिला दिवस: मोठ्या स्टीलच्या पातेल्यात ५-६ लिटर पाणी, दीड छोटा चमचा धुण्याचा सोडा आणि थोडी कपडे धुण्याची पावडर, त्यात ओढणी तासभर मंद उकळा. पाणी चहासारखं तपकिरी झालेलं पाहून आश्चर्य वाटेल, ओढणी ‘स्वच्छ’ होती ना? ते कापसातलं मेण आणि गिरणीची खळ आहे. ती राहिली तर रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. नीट धुवा. मग ३० ग्रॅम हिरड्याची पूड गरम पाण्यात कालवून, गाळून, त्यात ओढणी रात्रभर.

दुसरा दिवस: ओढणी पिळा, न धुता सावलीत वाळवा. ती फिकट पिवळी झालेली असेल. आता २५ ग्रॅम तुरटी कुटून गरम पाण्यात विरघळवा आणि ३ ग्रॅम धुण्याचा सोडा चिमटी-चिमटीने घाला. फसफसून वर येतं, म्हणून पातेलं अर्धंच भरलेलं हवं. फेस शमला की ओढणी घाला, हात जेमतेम सोसेल त्याहून थोडं गरम असं तासभर ठेवा आणि त्यातच रात्रभर सोडा.

तिसरा दिवस: ओढणी एकदाच साध्या पाण्यातून काढा. बांधणी करायची तर आत्ता, ओलसर असतानाच. सुक्या मटकीचे किंवा वाटाण्याचे दाणे कापडात धरून दोऱ्याने पाच-सहा वेढे घट्ट आवळा. सुक्या कापडावर बांधलं तर दोऱ्याखालून रंग शोषला जातो आणि गोल पुसट येतात. दुसऱ्या पातेल्यात १५० ग्रॅम सुकी कांद्याची साल उकळा. ऐकायला थोडी वाटते, पण साल अगदी हलकी असते, मोठी पिशवी गच्च भरते. घरी तेवढी साठायला महिने जातील. बाजारात कांदेवाल्याच्या पोत्याच्या तळाशी ती आयती पडलेली असते, मागितली तर देतात. कुजकी, काळी बुरशी आलेली तेवढी निवडून टाका. पाऊण तास उकळून गाळा, साल पातेल्यात ठेवू नका, ती कापडाला जिथे चिकटेल तिथे गडद डाग पडेल. ओली ओढणी घाला, पहिली पंधरा मिनिटं सतत हलवा, नंतर मंद आचेवर तासभर, पाणी खदखदू न देता. त्यातच निववा. चौथ्या दिवशी सकाळी काढा, पाणी स्वच्छ येईपर्यंत खंगाळा, सावलीत वाळवा, मग गाठी सोडा.

लाल सालीने तांबूस तपकिरीकडे झुकणारा, पिवळसर सालीने सोनेरी-केशरी रंग येतो. शेवाळी हवा असेल तर शेवटी १ ग्रॅम हिराकस (लोखंडाचा क्षार) वेगळ्या गरम पाण्यात विरघळवून त्यात ओढणी पाच मिनिटं फिरवा. १ ग्रॅम म्हणजे १ ग्रॅमच. कापडात हिरडा आहे, आणि हिरडा आणि लोखंड भेटले की काळं होतं. चमचाभर टाकलात तर शेवाळीऐवजी कोळशासारखी ओढणी मिळेल, आणि लोखंड जास्त झालं की काही वर्षांत धागाच कुजतो. लोखंडी कढईत रंगवलं तर हेच नकळत होतं. ठिपकेदार किंवा ढगाळ रंग आला तर कारण तीनपैकी एक: खळ राहिली, पातेलं लहान पडलं, किंवा सुरुवातीला हलवलं नाही. अशी ओढणी पुन्हा त्याच रंगात एकदा उकळली की बरीच सावरते.

डाळिंबाची साल याच पद्धतीने वापरता येते आणि तिचा मोहरीसारखा पिवळा उन्हाला कांद्यापेक्षा जास्त टिकतो. तिच्यात टॅनिन स्वतःचंच असल्याने हिरडा वगळला तरी चालतं. सांगोला-पंढरपूर भागात ज्यांचं घर आहे त्यांना सालीची ददात नसावी. बीट मात्र विसरा, त्याचा गुलाबी सुतावर टिकत नाही आणि उकळताच तपकिरी पडतो. हळद दिसायला झकास, पण उन्हात काही दिवसांत उडते, आणि साबण लागला की लाल होते. त्याच गुणावर पूर्वीपासून हळदीचं कुंकू होत आलं आहे. कुर्त्यावर मात्र ते डाग वाटतात.

रंगवलेली ओढणी साबणाच्या वडीने घासू नका. चार-पाच रिठे बिया काढून रात्रभर भिजवा, कुस्करून गाळा, त्या फेसाळ पाण्यात धुवा. रिठ्याचा फेस साध्या साबणासारखा खारट पाण्यात फाटत नाही. रेशमी साडीच्या उरलेल्या पदराच्या तुकड्यांनाही हेच पाणी चालतं. रंगवायची पातेली परत स्वयंपाकाला नाहीत. जुनं एखादं कायमचं वेगळं काढा.

खणाचे कानातले

ब्लाउज शिवून उरलेल्या कातरणातून हे होतात आणि शिंप्याकडे अशा चिंध्या फुकट मिळतात. खण आणि इरकलीच्या काठाची छोटी नक्षी ३ सेंटिमीटरच्या गोलात नेमकी बसते. पैठणीचा मोर त्यात मावत नाही, त्याचं फक्त पीस दिसतं.

लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घ्या. ३ सेंटिमीटर व्यासाचे सहा गोल कापा, तीन-तीन गोल फेव्हिकॉलने चिकटवून जड पुस्तकाखाली रात्रभर दाबा. एकच जाड पुठ्ठा घेतला तर कापडाच्या ताणाने तो वाटीसारखा वाकतो. कापडाचा गोल ५ सेंटिमीटर. कडेपासून ४ मिलिमीटर आत दुहेरी दोऱ्याने बारीक धावदोरा घाला, मध्ये पुठ्ठा ठेवून दोरा ओढा, कापड पिशवीसारखं आवळेल, गाठ मारा. समोरच्या बाजूला गोंद लावायचाच नाही, रेशमी विणीतून तो वर येऊन कायमचा पाण्यासारखा डाग दाखवतो. नवशिक्यांचे निम्मे कानातले इथेच वाया जातात. नक्षी मध्यावर आणायची तर पुठ्ठ्यात मध्यभागी टाचणी टोचून कापडाच्या नक्षीच्या मध्यात घाला आणि मग दोरा ओढा.

मागच्या बाजूला ३ मिलिमीटरने लहान गोल त्याच कापडाचा किंवा जुन्या फेल्टचा, कडेने लपवटाक्याने शिवा. शिवण्याआधी वरच्या काठात कडी अडकवण्यासाठी दोऱ्याचा छोटा फास आतून पक्का करून घ्या. नंतर भोक पाडलं तर खणाचा धागा सुटत जातो. कडेला सोनेरी मणी लावायचे तर प्रत्येक तिसऱ्या मण्याला गाठ मारा, म्हणजे एक तुटला तरी सगळी माळ ओघळणार नाही. हुक स्टीलचे मागून घ्या. स्वस्त पिवळ्या हुकांत निकेल असतं आणि कान खाजून चिघळतो ते त्यामुळे. तेच वापरावे लागले तर कानात जाणाऱ्या भागावर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन पातळ हात द्या आणि दर पंधरा दिवसांनी नव्याने लावा.